म्हाताऱ्या गाडीचे ब्रेक

माझी मारुती ८०० आता म्हातारी झालीय. २०१४ च्या जानेवारीत तर तिचं उत्पादनच थांबलं. परवा गायमुखच्या उतारावर ब्रेकचं पेडल मऊ लागलं. शेजारी लेक बसली होती. पोटात गोळाच आला!

नवघर रोडवरचा मेकॅनिक म्हणाला, "काका, मोठे कॅलिपर टाकू." मी नको म्हटलं. १२ इंची चाकात मोठी डिस्क मावणार कुठे? आणि शेवटी रस्ता धरतात ते टायरच ना? खरा चोर ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल पितं, तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं.

ऑइल, पुढचे पॅड, मागचे लायनर बदलले. डिस्कची जाडी मोजून घेतली. म्हातारपणी दागिने नकोत, वेळेवर औषधपाणी हवं. गाडीलाही!