दांडा आहे, म्हणून गाडी उलटत नाही?



या आठवड्यात मी तुम्हाला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईसुद्धा चुकतात, बरं का!

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली. चौथीच्या वर्गात मी विचारलं, "सुट्टीत काय काय पाहिलंत?" एक मुलगा टुणकन उठला. "बाई, मी डोंगरातल्या गाडीत बसलो! दोघं शेजारी-शेजारी, वर लोखंडी पिंजरा, चाकं ही एवढी मोठी! खड्डे, दगड, चिखल, कशातूनही जाते."

मी विचारलं, "पट्टा लावला होतास का रे?"

"नाही बाई. चालवणारे काका म्हणाले, मागे अँटी-रोल बार आहे, ही गाडी उलटतच नाही."

मी ते नाव फळ्यावर लिहिलं. अँटी म्हणजे विरुद्ध, रोल म्हणजे लोळणं, बार म्हणजे दांडा. "म्हणजे गाडीला उलटू न देणारा दांडा," मी सांगितलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. झाली चूक!

आधी ही गाडी कोणती ते बघू. तिला 'साईड-बाय-साईड' म्हणतात. चार चाकांच्या ज्या दुसऱ्या डोंगरी गाडीवर मोटरसायकलसारखं टांग टाकून बसतात, ती वेगळी. हिच्यात मोटारीसारख्या शेजारी-शेजारी जागा असतात, स्टिअरिंग असतं, पायाशी ब्रेक असतो. दगडधोंड्यांवर पोट घासू नये म्हणून ती जमिनीपासून उंच असते. झाडांमधल्या चिंचोळ्या वाटेने जाता यावं म्हणून पुष्कळदा अरुंद असते. आणि चाकांना खूप वर-खाली होता यावं म्हणून तिच्या स्प्रिंगा लांब आणि मऊ असतात.

आता आठवा, एसटी घाटात वळते तेव्हा काय होतं? बस डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलंडतो. गाडीचंही तसंच होतं. चाकं वळतात, पण वरच्या धडाला सरळच जायचं असतं. मग धड बाहेरच्या बाजूला झुकतं. बाहेरची स्प्रिंग दबते, आतली मोकळी होते. स्प्रिंग जितकी मऊ, तितकं झुकणं जास्त. हे झुकणं कमी करायला जो पोलादी दांडा बसवतात, तोच अँटी-रोल बार. गॅरेजवाले त्याला 'स्टॅबिलायझर' असंही म्हणतात.

तो कसा काम करतो, ते करूनच बघा. कपडे टांगायच्या हँगरची हातभर तार घ्या. जुन्या बॉलपेनच्या दोन रिकाम्या नळ्या तिच्यात ओवा. मग मोठ्या माणसाकडून तारेची दोन्ही टोकं एकाच बाजूला काटकोनात वाकवून घ्या. मधला भाग लांब आणि दोन बाजूंना आखूड हात, असा आकार होईल. मित्राला दोन्ही नळ्या टेबलाच्या कडेवर दाबून धरायला सांगा. नळ्या म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचे बुश, आणि तारेचे दोन हात म्हणजे डावं-उजवं चाक.

दोन्ही हात एकदम वर उचला. तार नळीत सहज फिरली ना? गतिरोधकावरून जाताना दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तेव्हा दांडा असाच नुसता फिरतो. आता एक हात वर आणि दुसरा खाली करा. तार पिळली जाते आणि तुमच्या बोटांना उलट जोर लावते! वळणावर हेच होतं. बाहेरचं चाक धडाच्या जवळ येतं, आतलं दूर जातं, दांडा पिळला जातो आणि दोघांना पुन्हा एका पातळीत आणू बघतो. त्यामुळे धड कमी झुकतं.

थोडं गणितही बघा. दांड्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा ताठरपणा दुप्पट होत नाही. तो २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट होतो! त्यामुळे २० मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा दांडा टाकला, तरी ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो. फरक फक्त २ मिलिमीटरचा!

मग चूक कुठे झाली? शाळेच्या वाटेवर एक गॅरेज आहे. माझी स्कूटर दुरुस्त होत होती, तेव्हा मी तिथल्या मिस्त्रींना ही गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, "बाई, तो दांडा गाडीला झुकू देत नाही. उलटू देत नाही असं कुणी सांगितलं?"

मी घरी आले आणि वाचायला बसले. मिस्त्रींचंच खरं होतं.

गाडी उलटेल की नाही हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. गुरुत्वमध्य किती उंच आहे, डाव्या-उजव्या चाकांमध्ये अंतर किती आहे, आणि किती वेगाने किती तीव्र वळण घेतलं. एक आगपेटी फळीवर आडवी ठेवा, दुसरी उभी ठेवा आणि फळी हळूहळू तिरकी करा. उभी आधी पडेल. उंच आणि अरुंद असलं की तोल लवकर जातो. दांड्याने गाडीची उंची कमी होत नाही आणि रुंदी वाढत नाही. झुकणं कमी झाल्याने थोडी मदत होते, एवढंच.

वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांकडे जातो. दांड्याने तो एकूण भार फारसा बदलत नाही. पण दांडा फक्त मागे असेल, तर त्या भाराचा जास्त वाटा मागच्या चाकांकडे येतो. आणि गंमत अशी, की टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून मागच्या दोन चाकांची मिळून पकड घटते. मागची बाजू बाहेर सरकू लागते आणि चालकाने वळवली त्यापेक्षा गाडी जास्तच वळते. उंच, अरुंद गाडी अशी अचानक वळली तर काय होईल, ते आगपेटीने सांगितलंच आहे!

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. यामाहा कंपनीची 'रायनो' नावाची अशीच गाडी अमेरिकेत विकली जात होती. तिथे वस्तूंच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा एक सरकारी आयोग आहे. त्याने ५० हून अधिक अपघातांची चौकशी केली. त्यांत चालक आणि प्रवासी मिळून ४६ जणांचा जीव गेला होता. दोन-तृतीयांशाहून जास्त अपघात गाडी उलटून झालेले होते. त्यातले बरेचसे कमी वेगात, सपाट जागी वळताना झाले असावेत, असं दिसलं. अनेकांनी पट्टाही लावलेला नव्हता.

मार्च २००९ मध्ये कंपनीने या गाड्यांची फुकट दुरुस्ती जाहीर केली. काय केलं असेल? मागच्या चाकांना जाड चकत्या लावून ती बाहेर सरकवली, म्हणजे रुंदी वाढवली. आणि मागचा अँटी-रोल बार चक्क काढून टाकला! हेतू काय, तर गाडी उलटायची शक्यता कमी व्हावी आणि ती नीट वळावी.

म्हणजे दांडा वाईट का? मुळीच नाही. साध्या मोटारींतही तो असतो आणि चांगलं काम करतो. पण तो कुठे बसवला, किती जाड आहे, पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ कसा आहे, हे सगळं बघावं लागतं. खडकाळ जागी तर तो अडचणच करतो. एक चाक दगडावर चढलं की दांडा दुसऱ्यालाही वर ओढतो, मग त्या चाकाची जमिनीवरची पकड सुटते. म्हणून जीप रँगलर रुबिकॉन या गाडीत पुढच्या दांड्याची दोन बाजूंची जोडणी सोडवायचं बटणच आहे. हळू चालताना तो सोडवायचा. वेग वाढला की तो आपोआप पुन्हा जोडला जातो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि म्हणाले, "मुलांनो, वह्या काढा. बाईंनी चुकीचं सांगितलं होतं." सगळे बघतच राहिले! जुनं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं: 'हा दांडा गाडीचं झुकणं कमी करतो. गाडी उलटणारच नाही, अशी खात्री तो देत नाही.' तो मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे बाई, मी पट्टा लावायला हवा होता."

हो रे बाळा. गाडी उलटली, तर वरचा पिंजरा आतल्या माणसाला वाचवू शकतो. पण माणूस आत राहिला तरच! आणि त्याला आत ठेवतो तो पट्टा.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. सहलीला अशी गाडी दिसली की मुलं हट्ट करतात. बसवायचं की नाही हे ठरवताना आधी पट्टा आणि हेल्मेट आहे का ते विचारा. मुलाचे पाय खाली नीट टेकतात का ते बघा. टेकत नसतील तर सरळ नाही म्हणा. "काही होत नाही हो" हे उत्तर चालवून घेऊ नका.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक कोडं. १० मिलिमीटरचा दांडा काढून ३० मिलिमीटरचा टाकला, तर ताठरपणा किती पट होईल? वहीत करून बघा. बाईंचं उत्तरही तपासून घ्यायला विसरू नका!

तुमच्या बाई