खाटा वाढतील, क्रमाचे काय?

दि. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. अहमदनगरच्या – आताच्या अहिल्यानगरच्या – जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि तेथील 17 कोरोना रुग्णांपैकी 11 जणांचा त्या दिवशी अंत झाला. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बालके आगीत दगावली होती. चौकश्या झाल्या, निलंबने झाली. नगरमध्ये तर परिचारिकांनाही अटक झाली. दोषनिश्चिती न्यायालयाकडे. परंतु एकाच वेळी वीस-पंचवीस अत्यवस्थ माणसे दारात आली, किंवा दारातून बाहेर काढावी लागली, तर कोणी काय करायचे, हे किती रुग्णालयांत लिहून ठेवलेले असते?

नागापूरचेच उदाहरण घ्यावे. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे मनमाड रस्त्यावर शिर्डीच्या यात्रेकरूंची अखंड रहदारी. येथे मोठी दुर्घटना घडलीच, तर ज्यांना चालता येते असे किरकोळ जखमी मिळेल त्या रिक्षाने, दुचाकीने सर्वांत आधी जवळच्या रुग्णालयात पोहोचतील. खाटा त्यांनीच भरतील. यंत्राखाली अडकलेला, रक्तस्रावाने क्षीण झालेला कामगार मागाहून येईल, तेव्हा त्याच्याकडे पाहायला डॉक्टर मोकळा नसेल. जगभर असेच घडत आले आहे. साधने अपुरी असतात हे खरेच. पण जी आहेत तीही क्रमाअभावी वाया जातात.

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लॅरे याने हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचाराचा क्रम लावला. आज त्या पद्धतीला ‘ट्रायाज’ म्हणतात. प्रवेशद्वारातच एक अनुभवी व्यक्ती उभी राहते. ती सविस्तर उपचार करीत बसत नाही. श्वास, नाडी, शुद्ध पाहून पट्टी बांधते. लाल म्हणजे तत्काळ, पिवळी म्हणजे काही काळ थांबू शकेल असा, हिरवी चालत्या जखमीची. काळी मृताची, किंवा हाती असलेल्या साधनांनी वाचविता न येणाऱ्याची. याला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. चार रंगांच्या कापडी पट्ट्या पुरतात.

अवघड आहे ती काळी पट्टी. श्वास चालू असलेल्या माणसाला बाजूला ठेवून दुसऱ्याकडे वळणे हे डॉक्टरच्या मनाला जेवढे कठीण, त्याहून नातेवाइकांना. आपल्याकडे तर त्याच क्षणी नगरसेवकाचा दूरध्वनी येतो: ‘आमच्या माणसाला आधी बघा.’ (फोन करणारा बहुधा हिरव्या पट्टीचाच असतो!) जेथे ओळखीचा शब्द वैद्यकीय निर्णयावर मात करतो, तेथे लॅरेची विद्या कुचकामी ठरते.

कार्यकर्त्यांनीही स्वतःकडे पाहावे. दुर्घटनेनंतर रक्तदानासाठी शेकडो तरुण धावतात, हे भूषणावहच. परंतु तपासण्या होऊन रक्त हाती यायला काही तास लागतात. पहिल्या घटकेला कामी येते ते पेढीत आधीच साठविलेले. तेव्हा रक्तदान नियमित हवे, आणि दुर्घटनेच्या दिवशी हवेत फाटकावर गर्दी आवरणारे, स्ट्रेचर उचलणारे, नातेवाइकांची नावे टिपून घेणारे हात. त्याचा सराव रुग्णालयासह वर्षातून दोनदा व्हावा. त्यातला एक रात्रपाळीत, मनुष्यबळ सर्वांत कमी असते तेव्हा. आणि आराखडा लिहिताना आधी परिचारिकांना विचारावे. ऑक्सिजनची कळ कोठे आहे आणि मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे त्यांनाच ठाऊक असते.