टप्पा आधी, कार्ड नंतर

सिंदी मेघे वर्धा शहराला इतके लागून आहे की गाव कुठे संपले, शहर कुठे सुरू झाले हे नवख्याला सांगता येत नाही. इथून नागपूरला निघालेला प्रवासी आधी वर्धा बसस्थानक गाठतो. तेवढ्या दोन-तीन किलोमीटरसाठी त्याला शेअर ऑटो सोयीचा वाटतो, आणि एसटीची भाडेआकारणी त्याला त्याच ऑटोकडे ढकलते.

एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. दोन किलोमीटर जा की पाच, पहिला टप्पा पुरा भरावा लागतो. वर्ध्याला गाडी बदलली की मोजणी पुन्हा पहिल्या टप्प्यापासून. लांब पल्ल्याला हे खपून जाते. सिंदी, सावंगी, बोरगाव अशा शहराला चिकटलेल्या वस्त्यांना ते जाचते.

25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले आणि सुट्ट्या पैशांवरून वाहक-प्रवाशांचे खटके उडू लागले. तेव्हा यूपीआयचा आग्रह धरला गेला, तो योग्यच होता. पण त्याने सुट्ट्यांचा प्रश्न सुटतो, टप्प्याचा नाही. वाहक यंत्रावर कुठून, कुठे, पूर्ण की अर्धे, सवलत कोणती एवढे निवडतो आणि तिकीट बाहेर येते. याच प्रवाशाने थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या गाडीत किती भरले, याचा त्या तिकिटाला पत्ता नसतो. प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या स्मार्टकार्डाला तो असू शकतो. कार्डाचे खरे मोल तिथेच आहे.

2019 मध्ये एसटीने आणलेले स्मार्टकार्ड मुख्यतः सवलतधारकाची ओळख पटवण्यापुरते राहिले आणि त्याची मुदतही वारंवार वाढवावी लागली. याउलट लंडनने 2016 मध्ये तासाभरात धरलेली दुसरी बस मोफत केली. आपल्याला मोफत नको. दोन्ही प्रवासांचे किलोमीटर जोडून एकच भाडे लावले तरी पुष्कळ झाले.

अडचण हिशेबाची आहे, आणि ती मोठी आहे. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. या सवलतींची भरपाई राज्य शासनाकडून तिकिटांच्या नोंदीवर मागायची असते. दोन गाड्यांचे भाडे एकत्र झाले, तर कोणत्या फेरीवर किती रक्कम दाखवायची? याचा निर्णय लेखाशाखा आणि वाहतूकशाखा यांनी एकत्र बसूनच घ्यायला हवा.

वर्धा आगारात दोन गाड्यांमध्ये नव्वद मिनिटांची मर्यादा ठेवून हे एकत्र भाडे लावून पाहावे. उत्पन्न किती घटले, ऑटोकडे गेलेले प्रवासी किती परतले, हे नोंदीच सांगतील. मात्र त्यासाठी नवी तिकीट यंत्रे घ्यायची तर किलोमीटर जोडण्याची अट निविदेतच घाला. यंत्रे आल्यावर ती सुचली, तर पुरवठादार त्याचे वेगळे पैसे मागेल.