कपाटात आहे, कॅटलॉगात नाही



गेल्या वर्षी बाबा सहा महिने आमच्याकडे अमेरिकेत होते. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी संगणकावर देवनागरीत 'दया पवार' टाइप केले. निकाल शून्य. मग आपण आडनाव इंग्रजीत लिहितो तसे लिहून पाहिले, तरी शून्य. 'बलुतं' मात्र दहा पावलांवरच्या कपाटात होते.

कारण साधे आहे. इथली ग्रंथालये मराठी पुस्तकाची नोंद ठरावीक लिप्यंतर-नियमांनी रोमन लिपीत करतात. त्या नियमांत 'व'साठी डब्ल्यू नाही, व्ही आहे. आणि आपण न उच्चारलेला शेवटचा 'अ'ही लिहायचा असतो. म्हणजे पवारांचे स्पेलिंग पी-ए-व्ही-ए-आर-ए! हे कुठल्या वाचकाला सुचणार?

ही तांत्रिक अडचण आहे, असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका. देवनागरी १९९१ पासून, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, संगणकात आहे. ग्रंथालयीन नोंदींच्या 'मार्क' पद्धतीत मूळ लिपीसाठी ८८० क्रमांकाचा रकाना आहे, पर्यायी शीर्षकासाठी २४६ क्रमांकाचा. चिनी-जपानी पुस्तकांच्या नोंदी मूळ लिपीत करायला १९८०च्या दशकातच सुरुवात झाली. सोय आहे, आपण ती मागितलीच नाही.

मी चौकशी केली तेव्हा कळले, की मराठी पुस्तके फारशी कोणी नेत नाही, म्हणून कपाट कमी करायचे चालले आहे. जे शोधून सापडत नाही, ते नेणार कोण? आणि कोणी नेत नाही म्हणून ते काढून टाकायचे! ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले, त्यातल्या माणसाने १९७८ साली प्रसिद्ध केलेले आत्मकथन एका स्पेलिंगपायी पुन्हा दिसेनासे व्हावे, हे मला सहन होत नाही.

पण ग्रंथालयाला दोष देऊन आपण सुटत नाही. आपल्यातले कितीतरी जण दिवसभर सॉफ्टवेअरच करतात. ग्राहकाला एक क्लिक जास्त पडले तर मीटिंग बोलावतात. तेच आपण ग्रंथालयाला मराठी पुस्तकांची खोकी भेट देतो, फोटो काढतो आणि विसरतो. तिथल्या ग्रंथपालांना देवनागरी वाचता येत नाही. आपल्याला येते ना?

'मराठी वाचणारे आहेतच किती?' असे आपलेच लोक विचारतात. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्यांतला एक. त्याला किमान वाचकसंख्येची अट नाही. शिवाय हे ग्रंथालय आपल्याही करावर चालते.

तेव्हा या आठवड्यात आपल्या ग्रंथालयात एक मराठी नाव देवनागरीत शोधून पाहा. सापडले नाही, तर लेखी मागणी करा, आणि शीर्षके व लेखकांची नावे स्वतः टाइप करून द्यायची तयारी दाखवा. आम्ही चौघांनी दोन शनिवारांत अख्खे कपाट उतरवून काढले. ती यादी सध्या ग्रंथपालबाईंच्या टेबलावर आहे आणि मी दर आठवड्याला जाऊन विचारतो. एकट्याच्या विचारण्याने काम रेंगाळते; दहा जणांनी विचारले तर हलेल.

तुमच्याकडे काय दिसले, ते जरूर कळवा.