ठिणगीचा पंचनामा आणि कोठाराची निर्दोष सुटका

पहिल्या महायुद्धाचे कारण विचारले की आपल्याकडील पदवीधरही ठरावीक उत्तर देतो : २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, म्हणून. अलीकडे याहून सभ्य अशी एक उपपत्ती रूढ झाली आहे. युद्ध कोणालाच नको होते. सारे मुत्सद्दी झोपेत चालावे तसे त्यात जाऊन पडले! पहिल्या उत्तरात दोष एकोणीस वर्षांच्या पोराचा, दुसऱ्यात कोणाचाच नाही. दोहोंत व्यवस्था मात्र निर्दोष सुटते.

त्या व्यवस्थेचा जमाखर्च पाहू. १८७१ साली एकसंध झालेल्या जर्मनीचे पोलाद-उत्पादन १९१३ पर्यंत ब्रिटनच्या दुपटीहून अधिक झाले. परंतु आफ्रिका-आशियाची वाटणी तोवर बहुतांशी उरकली होती. पंगत उठत आल्यावर पानावर बसलेल्याची भूक आणि आधी जेवलेल्यांची धास्ती, हे त्या काळाचे राजकारण होय. १९०५ व १९११ मधील मोरोक्कोचे पेचप्रसंग, बगदाद रेल्वेचा वाद, १९०६ च्या 'ड्रेडनॉट'नंतर पेटलेली आरमारी स्पर्धा ही त्याचीच रूपे. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत निम्म्याहून अधिक भांडवल घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हिंदी पलटणी बसऱ्यात उतरल्या. हा योगायोग म्हणावा काय?

यावर एक आक्षेप येतो व तो टाळू नये. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. मग व्यापारासाठी ते लढतील कशाला? आक्षेपात तथ्य आहे. भांडवल आपोआप तोफ डागीत नाही. ऑस्ट्रियाला सर्बियन राष्ट्रवादाची भीती होती, जर्मन सेनापतींना रशियाच्या वाढत्या बळाची. शिवाय १९१२ च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष राईशस्टागमधील सर्वांत मोठा पक्ष झाल्याने जर्मनीतील जमीनदार-सरदार वर्ग घरातच धास्तावला होता. अर्थकारणाने कोठार भरले. हुकूम माणसांनी दिले. म्हणूनच ती माणसे जबाबदार ठरतात.

या युद्धाची खूण पाहण्यास नगरकरांना युरोपात जावे लागत नाही. हिंदुस्थानात सापडलेले जर्मन व्यापारी, मिशनरी आणि खलाशी आपल्याच नगरच्या छावणीत स्थानबद्ध होते. ब्रिटनने युद्ध पुकारताच हिंदुस्थानही त्यात ओढला गेला. येथील जनतेला कोणी विचारले नाही. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली, सत्तर हजारांहून अधिक मेली. १९१६ साली मेसोपोटेमियात कुत येथे शरणागती पत्करावी लागली, तेव्हा वेढ्यात मराठा पलटणीही होत्या. १९१७ मध्ये आपल्या तिजोरीतून दहा कोटी पौंडांची 'भेट' ब्रिटनला गेली. पुढच्याच वर्षी पाऊस हुकला, महागाई भडकली, इन्फ्लुएंझाने घरे ओस पाडली. वाटणीचे भांडण त्यांचे, भरपाई कोरडवाहू शेतकऱ्याची!

आता आपल्या घरातील गोष्ट. १९१२ साली बाझेल येथे युरोपातील समाजवादी पक्षांनी युद्धाला विरोध करण्याची शपथ घेतली होती. ३१ जुलै १९१४ रोजी युद्धविरोधी झां जोरेस यांचा पॅरिसमध्ये खून झाला. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, जर्मन समाजवादी पक्षाने युद्धखर्चाला मान्यता दिली. डिसेंबरात विरोधी मत देणारा कार्ल लीबक्नेख्त एकटा उरला. नेत्यांना युद्धाची कारणे ठाऊक नव्हती असे नाही. ती ते वर्षानुवर्षे व्यासपीठांवरून सांगत होते. पण नगारा वाजताच 'माझे राष्ट्र तेवढे स्वसंरक्षणासाठी लढते' हे प्रत्येकाला पटले.

कार्यकर्त्यांनी १९१४ मधून शिकायचे ते हेच. युद्धाची मीमांसा शांततेच्या काळात करणे सोपे असते. चौकात झेंडे नाचू लागले, शेजारी आपल्याला देशद्रोही म्हणू लागले, की तीच मीमांसा मोठ्याने उच्चारणे ही खरी कसोटी. त्या दिवशी आपण जोरेस-लीबक्नेख्त यांच्या बाजूला असू की बहुमताच्या, याचा निर्णय आजच्या अभ्यासवर्गात व्हावयास हवा.