हॅपीची परीक्षा

हत्तीला आरशात स्वतःची ओळख पटत नाही, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. १९७० साली गॉर्डन गॅलप या मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींना गुंगीत ठेवून त्यांच्या चेहऱ्यावर रंग लावला होता. जागे झाल्यावर आरशात पाहून ते स्वतःच्याच चेहऱ्यावरचा तो रंग चाचपू लागले. तेव्हापासून आरसा ही प्राण्यांची जणू प्रवेश परीक्षाच झाली. हत्ती तीत नापास ठरले, कारण त्यांच्यापुढे ठेवलेला आरसा त्यांच्या मानाने लहान होता आणि तोही गजांपलीकडे. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात संशोधकांनी जवळपास आठ फुटी आरसा थेट हत्तिणींच्या आवारात उभा केला. हॅपी नावाच्या हत्तिणीने आपल्या डोळ्याच्या वर काढलेली पांढरी फुली आरशात पाहिली आणि सोंडेने ती पुन्हा पुन्हा चाचपली.

अवजारांच्या बाबतीतही हेच घडलं. उंचावरचं फळ काढायला हत्ती काठी घेत नाहीत, म्हणजे त्यांना सुचतच नाही, असा निष्कर्ष तयार होता. पण हत्तीची सोंड हेच त्याचं नाक. तिने काठी धरली, तर फळ हुंगायचं कशाने? वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या कंदुला नावाच्या सात वर्षांच्या हत्तीने काठ्यांकडे दुर्लक्ष केलं, एक मोठा ठोकळा ढकलत फळाखाली आणला, त्यावर पुढचे पाय ठेवले आणि फळ काढलं. या प्रयोगाचा शोधनिबंध २०११ चा.

मला वाटतं, या सगळ्यात पुन्हा पुन्हा चुकली ती प्रश्नपत्रिका. डोळ्यांनी जगणाऱ्या आपण ती काढली आणि नाकाने जगणाऱ्यांना सोडवायला दिली. कुत्रा आरशाकडे पाठ फिरवतो, पण स्वतःच्या लघवीच्या वासात थोडा जरी बदल केला, तरी तो अधिक वेळ हुंगत थांबतो.

आणि पास होऊन तरी काय मिळालं? पुढे हॅपीला इतर हत्तींपासून वेगळं ठेवलं गेलं. तिला अभयारण्यात हलवावं, म्हणून प्राणीहक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांनी खटला भरला. त्यांच्या युक्तिवादात आरशाचा तो प्रयोगही होता. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला: बेकायदा कैदेतून सोडवणुकीचा हक्क माणसांपुरता आहे, हत्तिणीला तो नाही. सातपैकी दोन न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं. मी त्या दोघांच्या बाजूची आहे. हॅपीने त्या फुलीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, तरी त्यांच्याच बाजूची असते.