बोटीवर लिहिलेला प्रवाशांचा आकडा नेमका कशासाठी असतो?

18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिकांचा मृत्यू झाला. त्याआधी मे 2023 मध्ये केरळमधील तानूर इथे दुमजली पर्यटन बोट बुडून 22 जणांचा जीव गेला. दोन्ही बोटींत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

चार माणसं जास्त बसली तर काय होतं?

क्षमतेचा आकडा बाकावरच्या जागेचा नसतो, बोटीच्या तोलाचा असतो. वजन वाढलं की बोट पाण्यात खोल बसते आणि लहान लाटही काठावरून आत येते. बोट जिकडे कलते, तिकडे हे पाणी धावतं आणि ती आणखी कलते. वरच्या मजल्यावर गर्दी झाली किंवा फोटोसाठी सगळे एकाच कडेला गेले, तरी तोल जातो.

लाईफ जॅकेट कधी घालायचं?

धक्क्यावरून निघण्याआधीच. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. या अपघातात 15 जणांचा मृत्यू झाला. धडक दुसऱ्याची होती, पण ‘नीलकमल’वरच्या अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. पाण्यात पडल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही.

प्रवाशांच्या हातात काय?

माणसं मोजणं आणि जॅकेट देणं ही बोट चालवणाऱ्याची जबाबदारी. तरीही आकडा पाहावा, जॅकेटचे पट्टे आवळावेत. ‘अजून दोघं बसतील’ असं कानावर आलं, तर खाली उतरावं.